मागचं चाक

नौरोजला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, अजून वीस दिवस होते, पण बागतल गावच्या खजुरींना त्या वर्षी भारी घाई झाली होती. फुलोऱ्याच्या पोया पटापट तडकत होत्या. मादीची पोय तडकली की चार दिवसांच्या आत तिला नराचा वास, म्हणजे नर झाडाच्या तुऱ्याची पूड, द्यावा लागतो, नाहीतर झाड वर्षभर नुसतं सावलीपुरतं उभं राहतं. वास द्यायला वर चढणारे गावात पाच-सहाजण, आणि त्यात जुना नि चोख म्हणावा असा माँदनी. करबलेची वारी करून आल्यापासून सगळे त्याला झायेर म्हणत, बायकोसुद्धा. आणि नेमकं ह्याच आठवड्यात झायेरच्या मोटारसायकलचं मागचं चाक बसायला लागलं.

पहिल्यांदा बसलं ते पाटाच्या कडेला. मागं त्याची बायको गुलअंदाम बसली होती. मांडीवर नराच्या तुऱ्यांची टोपली, अंगावरची काळी चादर गुडघ्याखाली नीट खोचलेली, कारण चाकात चादर गेली म्हणजे माणूसच गेलं. गाडी मागून डुलायला लागली तशी झायेर म्हणाला, उतर. ती उतरली. त्यानं वाकून चाक दाबून बघितलं आणि एक शिवी हासडली. मग तो गाडी ढकलत पुढं आणि ती टोपली डोक्यावर घेऊन मागं, असे दोघं पाऊण कोस चालत आले.

ह्यात नवल काहीच नव्हतं. चढायच्या आधी झावळ्यांच्या बुडाचे काटे विळ्यानं उतरवावे लागतात, आणि त्या दिवसांत बागांमधल्या पायवाटा बोटाएवढ्या काट्यांनी भरून जातात. गावातल्या प्रत्येकाचं चाक ह्या महिन्यात दोन-तीनदा बसायचंच. म्हणून तर झायेरनं हिवाळ्यात मागचा टायर नवा घातला होता, जाड थराचा, खोल खाचांचा. टायर विकणाऱ्यानं छातीवर हात मारून सांगितलं होतं, की ह्यातून काटा पलीकडं जाईल तर माझं नाव बदला.

दोन दिवसांनी ते परत बसलं. मग परत.

सगळ्या गावाची पंक्चरं खालू दर्वीश काढायचा. खालू म्हणजे मावशीचा नवरा, पण दर्वीश लहानथोर सगळ्यांचाच खालू होता. त्याचं दुकान म्हणजे मशिदीच्या वळणावर पत्र्याची एक शेड, आत हवेचं यंत्र, पाण्याची घमेली आणि चहाची किटली. किटलीमुळं तिथं रोज चार रिकामटेकडे बसलेले असत. बाया दुकानात जात नसत. गुलअंदाम समोरच्या बोरीखाली टोपली घेऊन उभी राहायची, आणि तिथं सगळं ऐकू यायचं.

खालू कामाचा पक्का माणूस. त्यानं पहिल्या वेळी ठिगळ लावलं, दुसऱ्या वेळी लावलं. दोन्ही वेळा टायरमध्ये हात घालून आतून गोल फिरवला, झायेरलाही फिरवायला सांगितला. दोघांच्या हाताला काही लागलं नाही. तिसऱ्या वेळी त्यानं जुनी ट्यूब बाजूला टाकली आणि म्हणाला, ही पातळ आहे, जाड घाल, अस्सल रबराची. झायेर म्हणाला, मोठ्या मापाची दे, म्हणजे ऐसपैस बसेल. त्यावर खालू उखडला. ऐसपैस लग्नाचा अंगरखा शिव, म्हणाला, ट्यूब ऐसपैस झाली की आत घडी पडते आणि घडीवरच फाटते. टायरवरचा आकडा आणि ट्यूबवरचा आकडा एकच पाहिजे. त्यानं आकडे जोडून बघितले, ट्यूबला पांढरी पूड चोळली, टायरवरचा पिवळा ठिपका वॉल्वसमोर आणला, कारण ठिपका वॉल्वसमोर नसला तर त्याला रात्री झोप येत नसे, आणि सगळं बसवून दिलं. आता कयामतपर्यंत बघायला नको, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी मयताच्या चाळिसाव्याचं जेवण होतं, गुलअंदाम तिथं अडकली. झायेर एकटा गेला आणि एकटा आला, चाक टणक. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो एकटाच गेला, तेव्हाही टणक. तिसऱ्या दिवशी ती मागं बसली आणि हाजी शरफच्या बागेच्या अलीकडं चाक हुश्श करून बसलं.

त्या दिवशी बोरीखाली उभी असताना तिनं जे ऐकलं ते असं. खालूनं ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे दाखवले, टायरमध्ये हात फिरवला, झायेरनं फिरवला. काही नाही. मग यदुल्ला, जो पूर्वी ट्रक चालवायचा आणि आता फक्त चहा प्यायचा, त्यानं विचारलं, एकटा असताना बसतं का? झायेर म्हणाला, नाही. बायको असताना? झायेर खाकरला. यदुल्लानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, की मग टायरला कशाला दोष देता, ट्रकला जास्त माल भरला की ट्रकसुद्धा बसतो. चौघं हसले. खालूही हसला, तसा वाईट माणूस नव्हता तो, पण हसला.

आणि मग झायेरचा आवाज आला. "खरंय बाबा. उद्यापासून तिला घरीच ठेवतो."

गुलअंदामनं टोपली ह्या कमरेवरून त्या कमरेवर घेतली. एकतीस वर्षं झाली होती त्या मागच्या सीटवर. आधी गाढव होतं, मग सायकल, मग ही गाडी. तो वर चढायचा, ती खाली बसून नराचे तुरे सोडवायची, सहा-सहा लडींच्या जुड्या बांधायची आणि दोरीला अडकवून वर पाठवायची. त्याला वरून हाक मारावी लागत नसे, दोरी हलली की जुडी तयार असायची. पोरी लग्न होऊन बंदरावर गेल्या होत्या. घरात दोन कोंबड्या आणि एक रेडिओ. वर्षातले हे चाळीस दिवसच तिचे होते, बाकीचे नुसते जायचे. हे त्या शेडमधल्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. पण झायेरला माहीत होतं, आणि तिला लागलं ते तेच.

घरी गेल्यावर त्यानंच विषय काढला. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणाला, चाकाचं काहीतरी बघतो, तू जरा आराम कर. तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, बरं.

मग सुरू झाला तिचा आराम. पहाटे तो परवंद खांद्यावर टाकून निघायचा. परवंद म्हणजे खोडाला नि कमरेला वेढा घालून चढायचा काथ्याचा जाड पट्टा, तो कितीही झटकला तरी त्याचे तंतू अंगणात पडायचे, आणि ती ते झाडत बसायची. रस्त्यावरून गाड्या जायच्या, कुणाच्या मागं बायको, कुणाच्या मागं बहीण, मांडीवर टोपल्या. त्या हात करायच्या, विचारायच्या, काय गं, तब्येत बरी नाही का? ती म्हणायची, गुडघा. दोन दिवसांत गावभर झालं की गुलअंदामचा गुडघा गेला. तिसऱ्या दिवशी शेजारीण मोहरीचं तेल घेऊन आली. काय करणार, तिनं ते धडधाकट गुडघ्याला चोळून घेतलं.

झायेर दुपार कलल्यावर यायचा तो अर्धमेला होऊन. खाली कुणी नाही, म्हणजे त्यानंच तुरे सोडवायचे, जुड्या बांधायच्या, त्या कमरेला खोचून वर चढायचं, संपल्या की परत खाली. दोघं असताना दिवसाला पंचवीस झाडं होत. एकट्याची अकरा झाली, मग दहा. हाजी शरफच्या बागेतल्या एकशेवीसपैकी निम्म्या खजुरी तशाच होत्या आणि वरच्या पोया वाळायला लागल्या होत्या. हाजी भला माणूस, ओरडला नाही. फक्त म्हणाला, झायेर, शनिवारपासून मी तलहाक गावचा माणूस लावतो, तू मनाला लावून घेऊ नको. एकतीस वर्षं ह्यांच्याकडं असलेली बाग. झायेर घरी हे सांगत होता आणि गुलअंदाम त्याचा हात मांडीवर घेऊन रोजच्यासारखी त्यातले काटे काढत होती. तिला आता जवळचं नीट दिसत नसे. ती बोटाच्या पेरानं चाचपायची, टोक लागलं की सुईनं उकरायची. त्याच्या तळव्याला एवढे घट्टे पडले होते की काटा कुठं आहे हे त्याला स्वतःला कळत नसे, तिलाच कळायचं.

"मी येऊ का उद्या?" तिनं विचारलं.

"आणि चाक?"

त्या रात्री जेवताना तिनं अर्धी रोटी मोडली आणि बाकीची फडक्यात गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसता चहा घेतला. दुपारी दोन खजूर. भूक काय, मारली की मरते, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण ती मरत नव्हती, पोटात खड्डा पाडून बसली होती.

गल्लीच्या टोकाला खजुराची वखार होती. हंगाम नसला की ती उघडीच पडलेली असायची, आत रिकाम्या पेट्या आणि पोती तोलायचं लोखंडी वजनयंत्र. गुरुवारी दुपारी, सगळे बागांत असताना, गुलअंदाम तिथं गेली. तिनं चादर काढून पेटीवर ठेवली. चपला काढल्या. मग यंत्रावर चढून उभी राहिली आणि दांडीवरचं वजन बोटानं हळूहळू सरकवायला लागली. दांडी एकदा वर जायची, एकदा खाली. ती नीट आडवी राहिली तेव्हा तिनं डोळे बारीक करून आकडा वाचला.

मान वर केली तर दारात झायेर उभा. त्याचे तुरे संपले होते म्हणून तो घरी आला होता आणि घरात ती नव्हती. गाडी त्यानं बाहेर लावली होती, तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"एकाहत्तर," ती म्हणाली. यंत्रावरून उतरायचंही तिला सुचलं नाही. "गेल्या वर्षी किती होते, देव जाणे. तेव्हा तोलायची पाळी आली नव्हती."

"मी कुठं तुला तोलायला सांगितलं?"

"सांगितलं नाहीत. चार माणसांत ऐकवलंत."

त्याच्या दाढीत काथ्याचे तंतू अडकले होते. तिला वाटलं, आता हा चिडेल, नाहीतर हसण्यावारी नेईल, आणि दोन्हीपैकी काहीही केलं तरी मला रडू येईल. त्यानं तिच्या चपला उचलल्या आणि यंत्राच्या पायाशी नीट जोडून ठेवल्या.

घरी गेल्यावर त्यानं भाकरीचं फडकं सोडलं. आत तिच्या वाट्याच्या रोट्या होत्या, अर्ध्या आणि सबंध, वाळून कडक झालेल्या.

"हे कधीपासून?"

"परवापासून."

"गुलअंदाम, माझी जीभ झडो," तो म्हणाला. "ते चौघं हसले, आणि मला वाटलं मीही हसावं, म्हणजे विषय संपेल. चाक का बसतं ते मला कळत नाही हे बोलायची लाज वाटली मला. म्हणून तुझ्यावर ढकललं आणि मोकळा झालो."

"तुम्ही मोकळे झालात. मी चार दिवस ह्या अंगाकडं बघतेय, कुठून कमी करू म्हणून."

तो खाली बसला. तिच्यापुढं रोटी, दही आणि खजूर ठेवले, आणि ती खाईपर्यंत उठला नाही. ती खात असताना त्यानं दोनदा डोळे पुसले आणि दोन्ही वेळा धुळीला शिव्या दिल्या. भूक एवढी होती की तिला त्याच्यावर नीट रागावताही येईना.

खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "चाक काढा."

"काय करणार?"

"काढा तर. खालूच्या शेडमध्ये मला येता येत नाही, पण हे अंगण माझं आहे."

त्यानं गाडी मधल्या स्टँडवर घेतली, आसाची चाकी, म्हणजे नट, सोडवली, साखळी उतरवली आणि मागचं चाक पोत्यावर आणून ठेवलं. हवा सोडली. दोन लोखंडी पट्ट्यांनी टायरची कड रिमवरून उचकटली, ट्यूब बाहेर ओढली, मग टायरही रिमवरून सबंध उतरवला. गुलअंदामनं त्याला ती जुनी ट्यूब आणायला सांगितली, खालूनं टाकून दिलेली. कोंबड्यांच्या खुराड्याला बांधायला म्हणून ती घरी आणली होती. तिनं दोन्ही ट्यूबा जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या, वॉल्वला वॉल्व लावून. जुनीला दोन ठिगळं, नवीला एक. मग तिनं वॉल्वपासून वीत टाकली. एक वीत आणि चार बोटं. जुनीची दोन्ही ठिगळं तिथं. नवीचंही तिथंच.

"झायेर, कापड वेगवेगळ्या जागी फाटलं तर म्हणावं माणूस धसमुसळा आहे," ती म्हणाली. "एकाच जागी फाटत असेल तर माणसाला काय बोलायचं? भिंतीत खिळा आहे कुठंतरी, तो शोधावा."

झायेर ट्यूबांवर वाकला. खालूचा पिवळा ठिपका त्याला आठवला. दर वेळी ठिपक्यासमोर वॉल्व, म्हणजे दर वेळी टायरची तीच जागा ट्यूबच्या त्याच जागेवर. त्यानं टायरमध्ये ठिपक्यापासून वीत आणि चार बोटं मोजली, तिथं हात घातला आणि तीनतीनदा घासला. "काही नाही गं. गुळगुळीत आहे."

"तुमच्या हाताला विस्तवसुद्धा गुळगुळीत लागेल. सरका."

तिनं बाही वर केली आणि पेर टेकवून हळूहळू फिरवलं. तिलाही काही लागलं नाही. तिनं परत फिरवलं, आडवं, उभं. नाही. उकिडवा बसलेला झायेर मांडी घालून बसला. ती विचार करत होती, की एकटा असताना हे चाक बसत नाही. म्हणजे जे काही आहे ते भार पडल्याशिवाय बाहेर येत नाही.

"विळा आणा," ती म्हणाली. "त्याची मूठ बाहेरून ह्या जागेवर लावा आणि भार द्या."

"किती देऊ?"

"एकाहत्तर."

झायेर पहिल्यांदा हसला. हसता हसताच त्यानं विळ्याची लाकडी मूठ टायरच्या खाचांमध्ये टेकवली आणि त्यावर अंग टाकलं. गुलअंदामचं बोट आत सावकाश सरकत होतं. थोडं डावीकडं घ्या, ती म्हणाली. त्यानं घेतलं. अजून. आणि मग ती एकदम "आई गं" म्हणाली आणि तिनं बोट बाहेर काढलं. पेरावर रक्ताचा बारका थेंब होता.

तिनं ते बोट त्याच्यासमोर धरलं. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ह्या वेळी तिनं धुळीचं नाव घेतलं नाही.

काटा बाहेरून दिसतच नव्हता. रबराच्या दोन उंचवट्यांमधल्या खोबणीत तो कधीतरी घुसला होता आणि पृष्ठभागाशीच मोडला होता. टायर एवढा जाड, की टोक आतल्या थरातच अडकून राहिलं होतं. एकटा माणूस बसला की ते आत दबून असायचं, दोघं बसली की टायर चेपायचा आणि टोक आत डोकवायचं. जाड टायरनं काटा अडवला नव्हता, सांभाळून ठेवला होता. झायेरनं सुईनं जागा मोकळी केली आणि पकडीनं ओढून काढला. नखाएवढा काळा तुकडा. एवढ्याशानं केवढा घोळ घातला, आणि वड्याचं तेल निघालं वांग्यावर.

मग दोघांनी मिळून चाक भरलं. टायर आतून ओल्या फडक्यानं पुसला, वाळूचा कण ठेवला नाही. पांढरी पूड घरात नव्हती, नातीचा पावडरचा डबा होता, तो ट्यूबला चोळला, आणि अंगणभर बाळाचा वास सुटला. ट्यूबमध्ये फुंकरभर हवा भरली, म्हणजे तिला गोलाई येते आणि ती मुरगळत नाही. वॉल्व सरळ उभा केला. कडेला साबणाचं पाणी लावलं आणि वॉल्वच्या समोरच्या बाजूनं सुरुवात करून कड टाचेनं आत बसवत आणली. पट्टी फक्त शेवटच्या वितीला वापरली, कारण घाईत पट्टीच ट्यूबला चावते आणि लोक काट्याला शिव्या देतात. हवा भरली, सोडली, परत भरली, म्हणजे आतली घडी सुटते. ती मोजत होती, तो पंप मारत होता. दोघांसाठी भरायची म्हणून त्यानं पंधरा दट्टे जास्त मारले.

शुक्रवारी पहाटे ती मागं बसली. मशिदीच्या वळणावर खालूनं शेडची दारं उघडली होती आणि किटलीभोवती माणसं जमली होती. तिला वाटलं होतं, झायेर इथून गाडी जरा दामटेल. त्यानं थांबवली. इंजिन बंद केलं.

"खालू," तो म्हणाला, "काटा टायरच्या पोटात होता. तुझ्या हाताला लागला नाही, माझ्या हाताला लागला नाही. हिच्या लागला."

खालूनं कान पकडला, खरंच पकडला, आणि कसा शोधलास ते विचारायला बाहेर आला. गुलअंदामनं गाडीवरूनच सांगितलं, ठिगळांचं, वितीचं, विळ्याच्या मुठीचं. खालू मान हलवत ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, की त्या पिवळ्या ठिपक्यानं मला दहादा सांगितलं असणार, मीच बहिरा. यदुल्लानं आतून विचारलं, म्हणजे वजनाचा काही संबंध नव्हता म्हणायचं?

"होता की," झायेर म्हणाला. "वजन नसतं तर काटा जन्मात सापडला नसता. एकट्याच्या गाडीला आपल्यात काय रुतलंय ते कळत नाही, यदुल्ला."

आणि गाडी सुरू करून निघाला. पुढं पाटापर्यंत गुलअंदामनं टोपलीवरचा एक हात काढून त्याच्या कमरेला धरला होता. तसा तो रस्ता सपाट आहे, धरायची काही गरज नसते.

त्या दिवशी सत्तावीस झाडं झाली. दोरी हलायच्या आत जुडी तयार होती. खालून तो दिसत नव्हता, नुसता आवाज यायचा, झावळ्या सरकल्याचा, आणि मधूनच एखादं जुनं गाणं, तेही बेसूर. ती खाली बसून तुरे सोडवत होती आणि नराची पिवळी पूड तिच्या मनगटांवर, भुवयांवर, ओठांवर बसत होती. दुपारी हाजी शरफ आला, वर बघितलं, खाली बघितलं. तलहाकच्या माणसाला मी निरोप धाडतो, म्हणाला, आणि तिला विचारलं, गुडघा बरा आहे का. ती म्हणाली, मोहरीच्या तेलानं फरक पडला.

उरलेल्या खजुरी शनिवारी संपल्या. वरच्या चार-पाच पोया गेल्या त्या गेल्या, बाकी बाग वाचली. पुढचे दिवस दुसऱ्या बागा केल्या, आणि चाक टणक राहिलं.

नौरोजच्या आदल्या दिवशी ऊन उतरताना दोघं परत येत होती. गाडीला नव्या वर्षाच्या सणाचं हिरवं गवत बांधलं होतं, टोपलीत हाजीनं दिलेले मासे होते. कोपऱ्यावरच्या बागेत कुणीतरी काटे उतरवून वाटेवरच टाकले होते. गाडी त्यांवरून गेली, वीसेक हात पुढं गेली आणि मागून डुलायला लागली.

गाडी पुरती थांबायच्या आतच गुलअंदाम उतरली, टोपली उचलली आणि चादर सारखी करून चालायला लागली. मी होते पुढं, तुम्ही या मागून, असं ती म्हणाली, त्याच्याकडं न बघता. तोंड तापलं होतं तिचं. दहा पावलं गेली, पंधरा गेली. मागून गाडी ढकलल्याचा आवाज काही येईना.

वळून बघितलं तर झायेरनं गाडी स्टँडवर चढवली होती, तिच्याच सीटखालून पट्ट्या, ठिगळं आणि पंप काढून मातीत मांडले होते, आणि आसाची चाकी सोडवत बसला होता.

"कुठं निघालीस?"

"घरी. मी नसले म्हणजे गाडी हलकी..."

"हलकी झाली तर मला काय तिला पतंगासारखी उडवायचीय?" तो म्हणाला. "आणि आत बोट कोण फिरवणार? यदुल्ला?"

ती परत आली, टोपली बाजूला ठेवली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली. त्यानं टायरची कड उचकटली, ट्यूब काढली आणि दोन्ही हातांनी टायरचं तोंड ताणून तिच्यासाठी उघडं धरलं. तिनं बाही वर केली.

"सावकाश," झायेर म्हणाला. "बोट सांभाळ."